पिल्लाला जुलाब लागले की: कुत्र्यांचा कोरोना ओळखणं आणि सांभाळणं, खान्देशातल्या नव्या पालकांसाठी

थंडीच्या तोंडाशी जळगाव-धुळ्याच्या गल्ल्यांमधून पिल्लं दिसायला लागतात. पावसाळा सरताना कुत्र्या व्यालेल्या असतात. दिवाळीनंतर कुणी त्यातलं एखादं पिलू घरी आणतं, कुणी शेतावर राखणीला नेतं. आणि थोड्याच दिवसांत फोन येतो: "भाऊ, पिलू काहीच खास नही, निस्तं पडेल शे" (काहीच खात नाही, नुसतं पडून आहे). उलट्या, जुलाब, मान टाकलेली. मग शेजारचं कुणीतरी म्हणतं, कोरोना असेल. घरातले घाबरतात आणि पिलू ओसरीबाहेर पोत्यावर जातं.

ही भीती चुकीच्या जागी आहे. कुत्र्यांचा आतड्याचा कोरोना बहुतेक वेळा आठवड्या-दीड आठवड्यात आपोआप आटोपतो. पिल्लं दगावतात ती दोन कारणांनी. एक म्हणजे अंगातलं पाणी संपतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरं म्हणजे झालेला असतो पार्वो, म्हणजे आतड्याचाच पण जीवघेणा असा दुसरा विषाणूजन्य आजार, आणि साधंच काहीतरी आहे म्हणून पिलू दोन दिवस घरीच ठेवलं जातं. पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्याने या दोन गोष्टी सांभाळल्या तरी अर्धी लढाई जिंकली.

हा कोरोना कोणता?

कुत्र्यांच्या आतड्याचा कोरोना विषाणू १९७१ साली जर्मनीत लष्कराच्या कुत्र्यांमध्ये पहिल्यांदा सापडला. कोविडचा विषाणू आणि हा, दोघं एकाच मोठ्या कुळातले, पण शाखा वेगळी आणि आजारही वेगळा. कुत्र्यांच्या लशीच्या बाटलीवर 'कोरोना' हे नाव कोविडच्या कितीतरी आधीपासून छापलेलं असतं, ते यामुळेच. कोविडचा विषाणू कुत्र्यांना अजिबात होत नाही असंही नाही. २०२० मध्ये हाँगकाँगला एका पॉमेरेनियनमध्ये तो सापडला, पण तो माणसाकडून कुत्र्याकडे गेलेला होता. तुमच्या पिल्लाला जुलाब झाले म्हणून घरातल्या माणसांना कोविड होत नाही. त्याला त्या कारणाने बाहेर काढू नका, आजारी पिल्लाला थंडीत बाहेर ठेवणं हेच त्याच्या जिवावर बेततं.

हा विषाणू विष्ठेतून पसरतो. आजारी कुत्र्याची विष्ठा जमिनीला, भांड्याला, पायाला लागते आणि दुसरं पिलू ती हुंगतं किंवा चाटतं. लागण झाल्यावर एक ते चार दिवसांत लक्षणं दिसतात. मोठ्या कुत्र्यांत कित्येकदा काहीच दिसत नाही. सहा ते बारा आठवड्यांच्या पिल्लांना मात्र तो चांगलाच जाणवतो, त्यातही पोटात जंत असतील, अंगावर गोचीड असतील, आईचं दूध लवकर तुटलं असेल तर जास्त.

आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषणारे बारीक अंकुर असतात. कोरोना त्या अंकुरांच्या शेंड्यांवर हल्ला करतो. पार्वो हल्ला करतो जिथून हे अंकुर नव्याने तयार होतात त्या बुडाशी. कपाशीचे शेंडे शेळीने खाल्ले तर झाड पुन्हा फुटतं, पण मुळाला हुमणी लागली की उभं झाड वाळतं. एकाच आतड्याचे हे दोन आजार, पण एक सौम्य आणि दुसरा जीवघेणा का, याचं उत्तर यात आहे. दोन्ही एकदम झाले तर मात्र पिलू फार लवकर खचतं.

पायरी पहिली: विष्ठा आणि वागणं नीट बघा

कोरोनात जुलाब अचानक सुरू होतात. विष्ठा पातळ, पिवळसर-हिरवी किंवा नारिंगी छटेची, वासाला घाणेरडी, कधी शेंबडासारखी आव पडल्यासारखी. उलटी असते, पण सहसा एक-दोन दिवसांत थांबते. पिलू खाणं कमी करतं, पण हाक मारली तर मान वर करतं, शेपटी हलवतं. ताप बहुधा नसतो. क्वचित रक्ताचा एखादा धागा दिसतो.

मोबाइलमध्ये विष्ठेचा फोटो काढून ठेवा. किळस वाटेल, पण डॉक्टरांना तुमच्या दहा वाक्यांपेक्षा तो फोटो जास्त सांगतो. सोबत एका कागदावर वेळा लिहा: उलटी कितीदा, जुलाब कितीदा, शेवटचं पाणी कधी प्यायलं, शेवटची लघवी कधी केली. लघवीची नोंद लोक विसरतात आणि तीच फार महत्त्वाची असते.

पायरी दुसरी: पाणी किती गेलंय ते हाताने तपासा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ देऊन शिका, आणि पिलू धडधाकट असतानाच दोन-चारदा करून बघा, म्हणजे नेहमीचं कसं असतं ते बोटांना कळेल.

वरचा ओठ अंगठ्याने हळूच उचला. निरोगी पिल्लाची हिरडी गुलाबी आणि ओलसर असते, बोट तिच्यावरून सरकतं. पाणी कमी झालं की बोट चिकटल्यासारखं अडतं. आता हिरडीवर बोटाने दाबा आणि सोडा. दाबलेली जागा पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. त्याहून जास्त वेळ लागला, किंवा हिरडी मुळातच पांढुरकी दिसत असेल, तर घरी थांबायचं नाही. काही पिल्लांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात. अशा वेळी जिभेचा किंवा डोळ्याच्या खालच्या पापणीच्या आतला रंग बघा.

खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडायची, ही पद्धत सगळ्यांना माहीत असते. मोठ्या कुत्र्यात ती उपयोगी पडते, पण लहान पिल्लाची कातडी मऊ आणि ढिली असल्याने फसवते. पिल्लाच्या बाबतीत वजनावर भिस्त ठेवा. किराणा दुकानातला काटाही चालेल. दोन किलोच्या पिल्लाचं वजन एका दिवसात शंभर ग्रॅमने घटलं, तर वजनाच्या पाच टक्के इतकं पाणी गेलं असं धरा. दोनशे ग्रॅम घटलं तर प्रकरण गंभीर आहे.

ताप बघायला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात जेमतेम एक-दीड सेंटीमीटर घाला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त. त्यामुळे अंग हाताला गरम लागलं म्हणून ताप आहे असं समजू नका. उलट ९९ च्या खाली उतरलं तर ती जास्त मोठी धोक्याची घंटा. थर्मामीटर वेगळा ठेवा, घरच्यांसाठी तो पुन्हा वापरायचा नाही.

पायरी तिसरी: कोरोना की आणखी काही?

नुसतं बघून कोरोना की पार्वो हे खात्रीने कुणीच सांगू शकत नाही, अनुभवी डॉक्टरसुद्धा नाही. तरी अंदाजासाठी काही खुणा आहेत. पार्वोत उलट्या थांबत नाहीत, जोरदार ताप असतो किंवा नंतर अंग गार पडतं, जुलाब रक्ताचे आणि सडक्या वासाचे होतात आणि पिलू काही तासांत कोसळतं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी एकदम उतरलेल्या असतात. कोरोनात तसं सहसा होत नाही. लस न झालेल्या पिल्लाला उलटी आणि जुलाब दोन्ही असतील, तर पार्वो नाही हे सिद्ध होईपर्यंत पार्वो आहे असंच धरून चालायचं. मी याबाबतीत अजिबात तडजोड करत नाही आणि तुम्हीही करू नका.

आपल्या भागात आणखी तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावं लागतं. पहिली म्हणजे जंत. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात, त्यामुळे विष्ठा काळपट-लालसर आणि हिरड्या पांढऱ्या पडतात. दुसरी म्हणजे फवारणी. कपाशीवर किंवा केळीत औषध मारल्यावर रिकामा डबा, पंप धुतलेलं पाणी शेतातल्या पिल्लाच्या तोंडाला लागतं. जुलाबासोबत तोंडातून लाळेच्या धारा, अंगाला थरथर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असं दिसलं तर तो कोरोनाही नाही आणि पार्वोही नाही, ती विषबाधा आहे. औषधाचा डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो घेऊन लगेच निघा.

तिसरी गोष्ट तुमच्या स्वतःच्या जिवाची. पिलू कुठून आलं हे माहीत नसेल, ते गिळू शकत नसेल, लाळ गळत असेल, आवाज बदलला असेल किंवा विनाकारण चावायला धावत असेल, तर त्याच्या तोंडात हात घालू नका, बळजबरीने पाणी पाजू नका. रेबीज पिल्लांनाही होतो. चावा किंवा ओरखडा लागला असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

पायरी चौथी: डॉक्टरकडे कधी, आणि तिथे काय मागायचं

तीन महिन्यांच्या आतलं पिलू, एकापेक्षा जास्त उलट्या, रक्त, पाणीही पोटात न टिकणं, आठ-दहा तास लघवी न होणं, पांढऱ्या हिरड्या, ताप किंवा गार अंग: यातलं एक जरी असलं तर सकाळची वाट बघू नका. मोठ्या, लस झालेल्या, खेळत्या कुत्र्याला नुसते पातळ जुलाब असतील तर एक दिवस घरी लक्ष ठेवून बघायला हरकत नाही.

तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, जिल्ह्याच्या गावी सर्वचिकित्सालय असतं. तिथे गुरांची गर्दी जास्त असली तरी कुत्र्यालाही तपासतात. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक फोनमध्ये टाकून ठेवा. त्याच्या फिरत्या पथकांची धावपळ मुख्यतः जनावरांसाठी असते, पण धडगाव-अक्कलकुव्यासारख्या डोंगराळ भागात, जिथे कुत्र्यांचा वेगळा दवाखाना जवळपास नाही, तिथे निदान विचारायला तरी माणूस मिळतो. जळगाव, भुसावळ, धुळे इथे खासगी दवाखाने आहेत. निघण्याआधी फोन करून दोन प्रश्न विचारा: पार्वोचं किट आहे का, आणि शिरेतून सलाइन लावता का?

किटची तपासणी दहा-पंधरा मिनिटांत होते. विष्ठेचा थोडा नमुना लागतो. काही किटमध्ये पार्वो आणि कोरोना दोन्हींच्या पट्ट्या असतात. पट्टी निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असं नाही. आजाराच्या अगदी सुरुवातीला किंवा उशिरा विष्ठेत विषाणू कमी असतो आणि पट्टी चुकते. उलट, पार्वोची लस नुकतीच दिली असेल तर कधी कधी खोटी पॉझिटिव्हही येते. म्हणून लशीचं कार्ड सोबत न्या. कोरोनाची पक्की खात्री पीसीआरने होते, पण घरच्या साध्या केसमध्ये त्याची गरज पडत नाही, कारण उपचार त्याने बदलत नाही. एका घरात, कुत्र्यांच्या आश्रयस्थानात किंवा पैदास करणाऱ्याकडे एकामागून एक पिल्लं आजारी पडत असतील तर मात्र ती करून घ्यावी.

कोरोनावर थेट मारा करणारं औषध नाही. डॉक्टर जे करतात ते शरीराला तग धरायला मदत करणं. शिरेतून किंवा कातडीखाली सलाइन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, जंताचं औषध, गरज वाटली तर जीवनसत्त्वं. कातडीखाली सलाइन दिलं की पाठीवर पाण्याची पिशवी झाल्यासारखा फुगा दिसतो आणि थोड्या वेळाने तो पुढच्या पायाकडे उतरतो. नवे लोक हे बघून धास्तावतात. ते पाणी काही तासांत अंगात मुरतं.

अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही. आतड्याची भिंत जास्त खराब झाली असेल, ताप असेल, रक्त असेल तर जिवाणूंचा शिरकाव रोखायला डॉक्टर ते देतात, आणि ते त्यांनीच ठरवायचं.

पायरी पाचवी: घरी काय द्यायचं आणि काय नाही

आधी काय नाही ते, कारण जास्त नुकसान इथे होतं. मेडिकलमधून माणसाच्या जुलाबाच्या गोळ्या आणू नका. नॉरफ्लॉक्सॅसिन-टिनिडाझोलची गोळी आपल्याकडे घरोघरी असते. त्यातल्या नॉरफ्लॉक्सॅसिनच्या गटातली औषधं वाढत्या पिल्लाच्या सांध्यांची कूर्चा बिघडवू शकतात. जुलाब दाबणारं लोपेरामाइड संसर्गाच्या जुलाबात घाण आतच कोंडतं, काही जातींच्या कुत्र्यांच्या मेंदूवरही त्याचा परिणाम होतो. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यातलं काहीही नको.

द्यायचं ते ओआरएस. साध्या पाकिटातलं, पाकिटावर लिहिलं आहे तेवढ्याच पाण्यात मिसळलेलं. 'शुगर फ्री' लिहिलेलं काहीही वापरू नका, त्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्याला ते विष आहे. सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने, थेंब थेंब सोडत, वजनाच्या किलोमागे साधारण ५ मिली, तासा-दीड तासाने. मान वर करून घशात ओतू नका, पाणी फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. पाजल्यावर पुन्हा उलटी झाली तर पाजणं थांबवा आणि दवाखाना गाठा, आता तोंडावाटे भागणार नाही.

पिल्लाला उपाशी ठेवायची जुनी पद्धत सोडून द्या. लहान पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा नसतो. ते गळून गेलं, डोलायला लागलं, झटके आले तर हिरडीवर ग्लुकोजचं दाट पाणी किंवा मध चोळा आणि निघा. उलटी थांबली की थोडं थोडं खायला सुरू करा: मऊ गुरगुट्या भात आणि उकडलेलं बिनहाडाचं चिकन, मीठ-मसाला काही नाही. चिकन चालत नसलेल्या घरात भातात थोडं ताजं दही. दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन चमचे. दूध देऊ नका, सुजलेल्या आतड्याला ते पचत नाही आणि जुलाब वाढतात.

घरातलं उरलंसुरलंही नको. शेवभाजीचा काळा मसाला तर सोडाच, पण भरीत निरुपद्रवी वाटतं म्हणून ते दिलं जातं. भरितात कांद्याची पात असते, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात.

थंडीच्या दिवसांत पिल्लाला ऊब हवी. डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावचा पारा दहाच्या खाली जातो. गोधडीत गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली पुरते. थेट चुलीपुढे किंवा शेगडीजवळ ठेवू नका.

पायरी सहावी: जागा साफ करणं

कोरोनाच्या विषाणूला बाहेरून चरबीचं कवच असतं, त्यामुळे साबण, ऊन, कोरडेपणा यांनी तो लवकर मरतो. आपला एप्रिल-मेचा उन्हाळा त्याला सोसत नाही, गारठ्यात मात्र जास्त टिकतो. पार्वोचं तसं नाही, तो साबणाला जुमानत नाही आणि जमिनीत महिनोन् महिने राहतो. दोन्हींपैकी कोणता हे नक्की नसेल तर सफाई पार्वोची करा.

फरशी असेल तर आधी विष्ठा उचला, साबणाच्या पाण्याने धुवा, मग घरगुती ब्लीचचा एक भाग तीस भाग पाण्यात घालून ओतून दहा मिनिटं राहू द्या. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. शेणाने सारवलेल्या अंगणात ब्लीच निकामी ठरतं, कारण शेणमातीतच त्याची ताकद संपते. तिथे वरचा थर खरवडून लांब पुरा, अंगण कडक उन्हात मोकळं ठेवा आणि नवं, लस न झालेलं पिलू काही महिने तिथे आणू नका. भांडी, पट्टा, गोणपाट वेगळं ठेवा. गोणपाट तर टाकूनच द्या.

हात मात्र प्रत्येक वेळी साबणाने धुवा. कुत्र्याच्या कोरोनासाठी नव्हे, तर विष्ठेतल्या जंतांसाठी आणि साल्मोनेला नावाच्या जिवाणूसाठी. लहान मुलांना त्या जागेत खेळू देऊ नका.

खोकल्याचा कोरोना वेगळा

२००३ मध्ये इंग्लंडमध्ये कुत्र्यांच्या आश्रयस्थानात श्वसनमार्गाचा दुसरा कोरोना सापडला. कोरडा खोकला, शिंका, नाक वाहणं, एवढंच बहुधा. अनेक कुत्री एकत्र राहतात तिथे तो पसरतो. विश्रांती द्या, गळ्याला पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस लावा, धुरापासून दूर ठेवा. धाप लागली, ताप आला, डोळ्यांतून-नाकातून घट्ट चिकट स्राव आला तर दाखवा, कारण डिस्टेंपर या कुत्र्यांच्या आणखी एका जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची सुरुवातही अशीच होते.

पायरी सातवी: लस आणि बाकीच्या कुत्र्यांपासून लांब

आपल्याकडे मिळणाऱ्या काही एकत्रित लशींमध्ये कोरोनाचा घटक असतो. कुत्र्या-मांजरांसारख्या लहान प्राण्यांच्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेची (WSAVA) लसीकरणाची मार्गदर्शक तत्त्वं त्याची शिफारस करत नाहीत. आजार बहुधा सौम्य असतो आणि ही लस खरंच संरक्षण देते याचा पुरेसा पुरावा नाही, हे त्यामागचं कारण. शिवाय ही लस आतड्याच्या कोरोनाची आहे, खोकल्याच्या कोरोनावर तिचा उपयोग नाही. दवाखान्यात तीच एकत्रित लस असेल तर घ्यायला हरकत नाही, पण जास्त पैसे देऊन कोरोनासाठी वेगळी शोधत फिरू नका. तो पैसा आणि ती फेरी पार्वो, डिस्टेंपर आणि रेबीजच्या लशींना द्या: सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, पिलू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस बाराव्या आठवड्यानंतर. पहिला डोस देऊन लोक थांबतात आणि पार्वो नेमका तिथेच गाठतो. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण पहिल्या डोसला निष्प्रभ करू शकतं, म्हणून शेवटचा डोस सोळा आठवड्यांना किंवा त्यानंतर पडलाच पाहिजे. आजारी असताना लस टोचायची नाही. पूर्ण बरं होऊन खायला-खेळायला लागल्यावर डॉक्टरांना विचारून राहिलेला डोस पूर्ण करा.

बरं झालेलं पिलू विष्ठेतून विषाणू सोडत राहतं, बहुतेक आठवडाभर, काही तर कित्येक महिने. जुलाब थांबल्यावर निदान दोन आठवडे त्याला गल्लीतल्या पिल्लांमध्ये, शेजारच्यांच्या कुत्रीजवळ किंवा शेतावरच्या सामाईक पाणवठ्यावर नेऊ नका. घरात दुसरं पिलू आणायचं असेल तर ते येण्याआधीच त्याचे डोस सुरू करून घ्या.